उत्साह निर्माण करणेबाबत

तळघरकाका आजही कुणाकुणाचे उपकार आठवायला बसले, तर पहिला नंबर आपल्या अक्कलदाढेला देतात. ती दाढ आता तोंडात नाही, पण तिच्यामुळे जे घडलं ते अजून चालू आहे.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळघरात जुन्या फायलींचं दप्तर होतं. काका सव्वीस वर्षं ते सांभाळत होते, म्हणून वरच्या तीन मजल्यांवर लहानथोर सगळे त्यांना तळघरकाका म्हणत. म्हणत म्हणजे काय, आपसात म्हणत. प्रत्यक्ष भेट कुणाचीच होत नसे. फाईल हवी असली की शिपाई चिठ्ठी घेऊन खाली यायचा आणि फाईल घेऊन वर जायचा. काकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. निदान वाटत नाही असं ते बायकोला सांगत.

तर एका सोमवारी शिपायाने चिठ्ठीऐवजी पत्र आणून दिलं. विषय होता: ‘प्रशिक्षणाच्या दोन सत्रांमधील वेळेत उपस्थितांमध्ये उत्साह निर्माण करणेबाबत’. मजकूर थोडक्यात असा, की बुधवारी व गुरुवारी सभागृहात कार्यक्षमता वाढवण्याचं प्रशिक्षण आहे. सत्रं लांबतात, लोक पेंगतात. सबब दर दोन सत्रांच्या मध्ये दहा मिनिटांचा खेळ वा तत्सम उपक्रम घेऊन अडतीस कर्मचाऱ्यांना ताजंतवानं करण्याची जबाबदारी आपणावर सोपवण्यात येत आहे. कसूर झाल्यास गांभीर्याने दखल घेतली जाईल.

काकांनी पत्र तीनदा वाचलं, पाकिटावरचं नाव दोनदा तपासलं आणि जिना चढून आस्थापना शाखेत गेले.

“हे चुकून माझ्याकडे आलंय,” ते तिथल्या कारकुनाला म्हणाले.

“चुकून नाही. मोठ्या साहेबांनी स्वतः नाव घातलंय. गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात जेवणानंतर साहेबांनी मागे वळून पाहिलं, तर अख्ख्या सभागृहात तुम्ही एकटे जागे होतात. ताठ बसलेले, डोळे सताड उघडे. साहेब म्हणाले, या माणसात उत्साह आहे.”

“अहो, त्या दिवशी माझी अक्कलदाढ ठणकत होती.”

कारकुनाने सहानुभूतीने मान हलवली. “तसं असेल तर गेल्या वर्षीचं दाढ दुखत असल्याचं प्रमाणपत्र जोडा. नाव वगळायचा प्रस्ताव ठेवतो. तीन आठवडे लागतील.”

प्रशिक्षण परवा होतं.

घरी बायकोने पत्र वाचलं आणि चष्मा काढून पुसला. हे लक्षण काकांना चांगलं माहीत होतं. हसू दाबायचं असलं की ती चष्मा पुसत असे. सासूबाईंना अलीकडे जरा कमी ऐकू येई, त्यांनी विचारलं, “कसलं पत्र आलंय?”

“आई, यांना ऑफिसात उत्साह निर्माण करायला सांगितलाय.”

“उसासे?” सासूबाई म्हणाल्या. “मग बरंय. ते यांना जमतं.”

काकांच्या मनाला हे लागलं. अपमान झाल्याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं, तो बिनचूक झाला होता याचं होतं.

बातमी जिन्यात जायला वेळ लागला नाही. समोरच्या दारात एक निवृत्त कवायत मास्तर राहत. निवृत्तीनंतर त्यांच्या शिट्टीला काम उरलं नव्हतं, त्यामुळे ते शिट्टी गळ्यात घालूनच आले. त्यांनी आधी हिशोब मांडला. “अडतीस माणसं, दहा मिनिटं. म्हणजे माणशी पावणेसोळा सेकंद. एवढ्या वेळात उत्साह येत नाही. फक्त शिस्त येऊ शकते. तुम्ही सरळ हात वर, हात खाली घ्या. एक ते चार मोजत.”

पाठोपाठ धाकटी मेहुणी आली. ती बालवाडी चालवते. तिने चौदा खेळांची यादीच लिहून आणली होती. “भावोजी, अजिबात घाबरू नका. लहान मुलं आणि मोठी माणसं यांच्यात फरक एकच असतो. लहान मुलं रडायला लागली की आपल्याला कळतं.”

मग रंगीत तालीम झाली, तीही जिन्याच्या चौकातच, कारण घरात जागा नव्हती. मास्तरांनी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी पुतळा व्हायचं. वरच्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या एक वहिनी शिट्टीने दचकून तिथल्या तिथे पुतळा झाल्या आणि पिशवीतले बटाटे खालच्या दारापर्यंत गेले. खेळ सासूबाईंनी जिंकला, कारण त्यांना शिट्टी ऐकूच आली नाही आणि त्या सुरुवातीपासूनच हलल्या नव्हत्या. पण गंमत अशी, की बटाटे गोळा करताना सगळे हसत होते आणि त्या वहिनी पिशवी बाजूला ठेवून दुसऱ्या डावाला थांबल्या. काकांनी हे पाहिलं आणि त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं, जमेलही कदाचित.

यादीतले दोन खेळ त्यांनी निवडले. पहिल्यात प्रत्येकाने आपण कोणता प्राणी आहोत ते सांगायचं. दुसऱ्यात लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा. ज्याच्याकडे गुंडा येईल त्याने आपल्याविषयी ऑफिसात कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायची, आपल्या हातातला धागा धरून ठेवायचा आणि गुंडा पुढे फेकायचा. शेवटी गोलात एक जाळं तयार होतं. “मग उलट्या क्रमाने गुंडाळत यायचं,” मेहुणी म्हणाली. “पाच वर्षांच्या मुलांना जमतं.”

मंगळवार परवानग्यांत गेला. सभागृहातल्या खुर्च्या बाजूला सरकवायला अर्ज हवा होता. अर्ज दिला, तर त्यावर प्रश्न आला, ‘खुर्च्या नेमक्या किती सरकवणार?’ काकांनी ‘भिंतीपर्यंत’ असं लिहिलं. त्यावर ‘कोणत्या भिंतीपर्यंत’ असं परत आलं. काकांनी चारही भिंती लिहून टाकल्या आणि अर्ज मंजूर झाला.

भांडारपाल मात्र कठीण माणूस. आयुष्यभर वस्तू देत आले होते, पण एकही वस्तू त्यांच्या हातून आनंदाने सुटली नव्हती.

“लोकर नाही,” ते म्हणाले. “पाणीपुरवठ्यात लोकर कशाला असेल? सुतळी आहे.”

“सुतळी चालेल.”

“कशासाठी?”

“उत्साहासाठी.”

भांडारपालांनी रजिस्टरमधली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. “उत्साह यात बसत नाही. गठ्ठे बांधण्यासाठी लिहितो. पण बांधणार नसाल तर ती परत द्यावी लागेल. अख्खी. तुकडा नाही चालणार. तुकडे झाले की ती वापरलेली धरतात.” त्यांनी तो गुंडा वजनकाट्यावर ठेवला, ग्रॅमपर्यंत आकडा लिहिला आणि काकांची सही घेतली.

बुधवारी पहिल्या सत्रानंतर काका सभागृहात पुढे गेले. अडतीस माणसं त्यांच्याकडे पाहत होती. यातल्या निम्म्यांची अक्षरं काकांना चिठ्ठ्यांवरून ओळखता आली असती, पण चेहरे नाही. त्यांनी प्राण्यांचा खेळ समजावला.

मग एक अधीक्षक उठून म्हणाले, “मी वाघ.”

लगेच दुसरे अधीक्षक उठले. “वाघ मी आहे.”

इथे सांगायला हवं, की या दोन अधीक्षकांत सेवाज्येष्ठतेवरून अकरा वर्षं वाद होता. ते शेजारच्या टेबलांवर बसत, पण एकमेकांशी फक्त लेखी बोलत. पंखा कमी करायचा असला तरी चिठ्ठी जायची. आता अख्ख्या सभागृहासमोर वाघाचा प्रश्न उभा राहिला. काकांनी घाईघाईने सुचवलं, की दोन वाघही असू शकतात. त्यावर लेखाधिकारी म्हणाले, की मंजूर पद एकच असावं, नाहीतर उद्या सगळेच वाघ होतील. मागून कुणीतरी विचारलं, कारकुनांनी उरलेले प्राणी घ्यायचे का, आणि गाढव कुणाच्या वाट्याला येणार ते आत्ताच लेखी द्या. दहा मिनिटं संपली तेव्हा सभागृहात प्राणी दोनच होते, दोन्ही वाघ, आणि दोन्ही पाठ फिरवून बसले होते.

बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाई काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “सुरुवात चांगली झाली.” माणसाला इतक्या प्रेमाने खोटं बोलता येतं याबद्दल काकांना त्या क्षणी मनापासून कृतज्ञता वाटली. जेवणाच्या सुटीत ते डबा न उघडता तळघरात जाऊन बसले. आजारपणाची रजा टाकावी का, असा विचार करून झाला. पण बायकोने डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, ‘काय होईल ते होईल, घरी आल्यावर चहा आहेच.’ ती वाचून ते उठले.

दुपारचं सत्र संपलं तेव्हा अर्धं सभागृह पेंगत होतं. खुर्च्या मंजुरीप्रमाणे चारही भिंतींकडे सरकवल्या होत्या. काकांनी सगळ्यांना गोलात उभं केलं आणि सुतळीचा गुंडा लेखाधिकाऱ्यांच्या हातात दिला. ते जागे होण्यापूर्वीच बोलून गेले असावेत. “मला शिट्टी वाजवता येत नाही. घरात सगळ्यांना येते, मुलीलासुद्धा. मला नाही येत.”

कुणीतरी हसलं, पण टिंगलीने नाही. गुंडा पुढे गेला. टंकलेखक म्हणाला, त्याला अजूनही लिफ्टची भीती वाटते, आणि व्यायाम म्हणून जिना चढतो असं तो सगळ्यांना सांगतो. एक अभियंता म्हणाला, घरातल्या गळक्या नळासाठी त्याला बाहेरून माणूस बोलवावा लागतो. भांडारपालांकडे गुंडा आला तेव्हा त्यांनी आधी त्याची स्थिती तपासली आणि मग म्हणाले, “मला माणसं वस्तू घेऊन गेली की करमत नाही.” हे ऐकून काकांना त्यांच्याविषयी पहिल्यांदाच बरं वाटलं.

मग गुंडा आवक-जावकच्या बाईंकडे आला. कार्यालयात येणारं-जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं, पण त्यांचा आवाज ‘इथे सही करा’ यापलीकडे कुणी ऐकला नव्हता. त्या सुतळीकडे पाहत म्हणाल्या, “घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. चार वर्षं झाली. मी संध्याकाळी घरी पोचले, की आधी पाच मिनिटं जिन्यात बसते. मग बेल वाजवते.”

आता मात्र पेंगणारं कुणी राहिलं नव्हतं.

खेळ इथे संपला असता आणि पाच वर्षांच्या मुलांप्रमाणे सगळ्यांनी सुतळी उलटी गुंडाळली असती, तर ही गोष्ट सांगावीच लागली नसती. पण साडेतीन वाजले आणि चहाच्या मावशी ट्रे घेऊन आल्या. अडतीस माणसांच्या एका हातात सुतळी होती, दुसरा मोकळा. मोकळा हात चहाकडे निघाला आणि त्यामागे माणूसही निघाला, कुणी सुतळीखालून, कुणी वरून. ज्याला कप मिळाला तो परत येताना वेगळ्याच वाटेने आला. आणि नेमके त्याच वेळी मोठे साहेब पाहणीसाठी दारात उभे राहिले.

साहेब आल्यावर वाट करून द्यायची, ही सवय या कार्यालयाच्या हाडीमाशी मुरलेली. अडतीस माणसं अदबीने मागे सरकली, प्रत्येक जण वेगळ्या दिशेने. सुतळी ताणली गेली, तीन कप लवंडले, सुतळी चहात भिजली आणि भिजली की सुतळीच्या गाठी जास्तच आवळतात. साहेब मधोमध आले होते. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा पट्टा जाळ्यात अडकला आणि मान आवक-जावकच्या बाईंपुढे नम्रपणे झुकली. दोन्ही वाघ पाठीला पाठ लावून कमरेपासून एकत्र बांधले गेले होते.

“हे काय चाललंय?” साहेबांनी वाकलेल्या अवस्थेतच विचारलं.

“उत्साह, साहेब,” कुणीतरी म्हणालं.

“कात्री आणा.”

“कापायची नाही,” जाळ्याच्या पार पलीकडून भांडारपालांचा आवाज आला. “अख्खी परत यायची आहे. सही झालीय.”

काका एकटेच गोलाबाहेर होते. आता कारणे दाखवा नोटीस येणार, तिची भाषासुद्धा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. पण त्याच वेळी त्यांची नजर सुतळीवर गेली आणि तिथेच राहिली. सव्वीस वर्षं ते सुतळीने बांधलेले गठ्ठे सोडत आणि बांधत होते. पावसाच्या पाण्याने भिजलेले, उंदरांनी ओढलेले, रागाच्या भरात बांधलेले. कोणती सुरगाठ आणि कोणती निरगाठ, हे त्यांना लांबून दिसत होतं.

“साहेब, कापू नका,” काका म्हणाले. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. “सुटेल. फक्त मी सांगेन तसं करायला हवं. आणि कुणीही ओढायचं नाही.”

साहेबांनी मान वर करायचा प्रयत्न केला, जमला नाही. “करा,” ते म्हणाले.

पुढचा एक तास दहा मिनिटं पाणीपुरवठा कार्यालय तळघरकाकांच्या हुकमावर चाललं. “लेखाधिकारी, डावा पाय उचला. तसाच धरा. टंकलेखक, त्यांच्या पायाखालून या. बाई, हात सैल सोडा, तुमच्याकडची सुरगाठ आहे, ती आपोआप येईल.” भिजलेल्या गाठीला ते नख लावत नव्हते. ती दोन्ही बाजूंनी हलकेच आत ढकलायची, की तिचं तोंड उघडतं. साहेब सतराव्या मिनिटाला सुटले. त्यांनी जायला हरकत नव्हती. पण ते गेले नाहीत. बाहीचं बटण सोडून सुटलेली सुतळी गुंडाळत उभे राहिले. गुंडाळायचं त्यांना नीट जमत नव्हतं, ते मावशींनी त्यांना दाखवलं.

अडकलेल्या माणसांना बोलण्यावाचून दुसरं काम नव्हतं. टंकलेखकाने आवक-जावकच्या बाईंना विचारलं, सासूबाईंना रात्री झोप लागते का. त्याच्या बहिणीने अशा रुग्णासाठी एक बाई ठेवली होती, तिचा नंबर त्याने पाठ म्हणून दाखवला. लेखाधिकाऱ्यांना तिघे जण तिन्ही बाजूंनी शिट्टी शिकवत होते. आणि सगळ्यात शेवटी राहिलेल्या गाठीपाशी, पाठीला पाठ लावलेल्या दोन अधीक्षकांपैकी एक हळूच म्हणाले, “जरा उजवीकडे सरकता का? तुमचा कोपर लागतोय.”

“सरकतो,” दुसरे म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आता?”

“आता ठीक आहे.”

अकरा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं तोंडी बोलणं. काकांनी ती शेवटची गाठ मुद्दाम सावकाश सोडली.

प्रशिक्षक बाईंचं पुढचं सत्र ‘वेळेचं नियोजन’ या विषयावर होतं. ते वेळेअभावी रद्द झालं.

सुतळी अख्खी परत गेली. भांडारपालांनी वजन केलं, तर अकरा ग्रॅम जास्त भरली. “चहा,” काका म्हणाले. भांडारपालांनी बराच विचार केला आणि नोंद न करता गुंडा कपाटात ठेवला. जाणकारांच्या मते ही त्यांच्या नोकरीतली पहिली अनियमितता होती.

काकांची नोटीस मात्र यायचीच होती, असं त्यांना वाटत होतं. संध्याकाळी बायकोपुढे चहा घेत त्यांनी सगळं सांगितलं. ती या वेळी चष्मा पुसायला विसरली. समोरच्या मास्तरांना बोलावून तिने काकांना ते पुन्हा सांगायला लावलं. गुरुवारी दिवसअखेर प्रशिक्षणाचे अभिप्रायाचे कागद गोळा झाले. ‘आपणास सर्वांत उपयुक्त वाटलेले सत्र’ यापुढे अडतीसपैकी एकतीस जणांनी ‘सुतळी’ लिहिलं होतं. एका जादा कागदावर ‘निरगाठ’ लिहिलं होतं, आणि अक्षर साहेबांसारखं वाटत होतं. नोटीस आली नाही.

पुढच्या सोमवारी तळघराच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. काकांनी सवयीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. समोर शिपाई नव्हता, आवक-जावकच्या बाई होत्या. “एक जुनी फाईल हवी होती,” त्या म्हणाल्या. फाईल मिळाली तरी त्या थांबल्या. काकांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः कपाटाला टेकून उभे राहिले, कारण खाली खुर्ची एकच होती. बाईंनी सांगितलं, की टंकलेखकाने दिलेल्या नंबरवरची बाई कालपासून येते आहे, स्वभावाने चांगली आहे. “इथे शांत आहे हो,” त्या म्हणाल्या, आणि थोडं बसून गेल्या.

मंगळवारी लेखाधिकारी आले. त्यांना फाईल नको होती. शिट्टीचा सराव करायला वर जागा नाही, इथे चालेल का, असं त्यांनी विचारलं. त्यांची नुसती फुंकर येत होती, पण काकांना ती शिट्टीच वाटली. बुधवारी दोन्ही अधीक्षक आले, वेगवेगळे आले, पण जाताना एकदमच गेले. काका तीन दिवस उभेच होते आणि त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली होती. त्यांनी अर्ज लिहिला, ‘तळघरासाठी एक जादा खुर्ची मिळणेबाबत’. कारणाच्या जागी काय लिहावं हे त्यांना बराच वेळ सुचेना. शेवटी लिहिलं, ‘माणसं येतात.’

अर्ज सकाळी दिला. दुपारी जिन्यात काहीतरी आपटत आपटत खाली येत होतं. भांडारपाल स्वतः खुर्ची घेऊन आले होते, घामाघूम होऊन. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, चारही पाय टेकतात का ते हलवून पाहिलं, आणि मग स्वतःच तिच्यावर बसले.

काकांना त्यांचे आभार मानायचे होते. नुसत्या खुर्चीचे नव्हे, बऱ्याच गोष्टींचे. पण इतकी वर्षं ते शब्द फक्त पत्राच्या शेवटी लिहून झाले होते, तोंडात चटकन येईनात. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि पुढे केला.

“जिना चढायचा कंटाळा आलाय,” भांडारपाल झाकण हातात घेत म्हणाले. “जरा बसतो.”

“बसा की,” काका म्हणाले, आणि आपल्या खुर्चीत बसले.